एकास चोवीस

आमच्याकडे मोटार कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा मी बोलायला लागलो की ती असल्यासारखीच वाटायला लागते. भल्याभल्यांना वाटली आहे. आकाशी निळा रंग, चार दारं, पुढच्या जाळीवर चंदेरी पट्टी, आणि डावीकडच्या मागच्या दाराची काच निम्म्यावर अडकायची. ही अडकणारी काच माझी खास कारागिरी. निर्दोष गाडीवर कुणी विश्वास ठेवत नाही, पण काच अडकते म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, अहो, आमच्या मेव्हण्याच्या गाडीचीसुद्धा अडकायची, आणि मग त्याच्या मेव्हण्याची खरी गाडी माझ्या गाडीच्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहते. पन्नासेक वर्षं मी ती गप्पांत चालवली. घाटातल्या वळणावर ब्रेक निकामी झाले तेव्हा कडेच्या गवतात चाकं घालून कशी थांबवली, हे ऐकून एका निवृत्त फौजदाराने मला उभं राहून सलाम ठोकला होता. नंबर चार सात दोन नऊ. मी वाहन नोंदणीच्या कचेरीत होतो. लोकांच्या गाड्यांचे इंजिन नंबर, चासी नंबर, रंग लिहिण्यात माझी हयात गेली. एका दुपारी जांभई देता देता एका कारकुनाने सत्तेचाळीसशे अठ्ठावीसनंतर थेट सत्तेचाळीसशे तीस लिहिला. तो कारकून मीच. चूक संध्याकाळी लक्षात आली, पण दुरुस्त केली नाही. त्या नंबरची गाडी जगात नव्हती आणि होणारही नव्हती. तो नंबर मी खिशात घालून घरी आणला म्हणा ना. ही गोष्ट मात्र मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही.

बाकी बायकोला सगळं ठाऊक होतं. गाडी नव्हती हे माहीत असलेली पृथ्वीतलावर ती एकटीच. चारचौघांत मी गाडी बाहेर काढली की ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. चारचौघांत मी तिचा ‘अहो’. परतताना आमच्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथला दिवा कायम गेलेला असायचा, तिथे ती थांबायची आणि विचारायची, “गाडी नीट लावलीस ना रे?” मी म्हणायचो, “लावली. काच तेवढी अडकली परत.” मग ती हसायची. नाकातून, बिनआवाजाचं, खांदे हलवत. लोकांसमोर मी जो कोण असेन तो असेन, त्या वळणावर मला पुरता ओळखणारं एक माणूस उभं असायचं, आणि त्या भरवशावर मी दुसऱ्या दिवशी आणखी मोठी थाप ठोकायला मोकळा व्हायचो. पतंग उडवणाऱ्याला दोरा दिसत नाही, तो वर बघत असतो. मीही वरच बघत होतो.

दोन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग बहिणीचं नाव. एका मंगळवारी तिच्या गुडघ्यांसाठी येणारी व्यायामवाली तिचा पाय वर-खाली करत होती आणि हिला बोलतं ठेवायचं म्हणून विचारत होती, “आजी, तरुणपणी कुठं कुठं फिरलात?” मी स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होतो. ही म्हणाली, “खूप. गाडी होती ना आमची. निळी. सत्तेचाळीसशे एकोणतीस. डावीकडची काच अडकायची तिची.” मी ओल्या हातांनी तोंड दाबलं. हसू आवरेना. इतक्या महिन्यांनी ती माझ्या बाजूने मैदानात उतरली होती, आणि काय सफाईने! व्यायामवाली गेली. मी दार लावलं, कडी घातली, आणि मागे न वळता उभा राहिलो. आता तिचा जिन्यातला प्रश्न येईल. आला नाही तो प्रश्न. शेवटी मीच म्हणालो, “काय बाईसाहेब, गाडी कुठे लावू?” तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले. म्हणाली, “विकलीस ना रे ती? मला न विचारता विकलीस. मोठ्याला केवढी आवडायची.” माझ्या हातातल्या फडक्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं, ते मी बघत राहिलो. बघण्यासारखं दुसरं काही समोर असतं तर बरं झालं असतं.

आम्हाला एक मुलगी. मोठा असा कुणी नाही. म्हणजे होता तो सात महिने, तिच्या पोटात. वाहनांचा संप होता त्या दिवशी. रस्ते धुऊन काढल्यासारखे रिकामे. भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या, अवेळी. मी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो. दोन खासगी गाड्या आल्या. एकीने मला वळसा घातला, दुसरीने हॉर्न वाजवला. मग शेजाऱ्यांची सायकल घेतली. तिला मागच्या कॅरिअरवर एका अंगाने बसवलं आणि ढकलत निघालो, कारण बसून चालवली असती तर तोल गेला असता. एक हात हँडलवर, एक तिच्या पाठीवर. मागचं चाक मडगार्डला घासत होतं, सारखं, एका लयीत. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अर्धा तास आधी आणलं असतं तर.” वाक्य तिथेच सोडलं त्यांनी. त्यानंतर महिन्याभरातच कचेरीत कुणीतरी विचारलं, कसे नेलेत हो त्या संपाच्या दिवशी, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आमची गाडी आहे ना.” बोलल्यावर छातीवरचं काहीतरी बोटभर सरकलं. घरी आल्यावर तिला सांगितलं. तिने ताट वाढून पुढे ठेवलं. मग म्हणाली, “रंग कुठला?”

आता माझी पंचाईत बघा. गाडी होती असं तिला खरंच वाटत असेल, तर त्या दुपारी आम्ही वेळेवर पोचलो. वेळेवर पोचलो तर तो जगला, त्याला गाडी आवडायची, कुठेतरी तो आता पन्नाशीचा, टक्कल पडलेला वगैरे असणार. तिच्या डोक्यात चाललेलं हे भरलं घर मोडायचं झालं, तर तिला परत त्या कॅरिअरवर बसवावं लागणार. आणि नाही मोडलं, तर जिन्याच्या वळणावर मी एकटा. खऱ्याचा साक्षीदार गेला की थापाड्याचं काय उरतं? तो नुसता चुकीची माहिती असलेला म्हातारा होतो. तिला त्रास न होता, नुसतं एकदा, मिस्कीलपणे डोळा मिचकावून तिने म्हणावं, “पुरे झाल्या थापा,” एवढंच मला हवं होतं. पाळणा, दवाखाना, सायकल काही आठवू नये. फक्त गाडी नव्हती एवढंच आठवावं. आहे की नाही वेड्यांचा बाजार? भिंतीतली एकच वीट काढायची आणि भिंत जागची हलू द्यायची नाही.

गाड्या बांधणं माझं जुनं व्यसन. प्लॅस्टिकचे सुटे भाग डब्यात येतात, काडीकाडीला लगडलेले. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे. प्रमाण एकास चोवीस. खऱ्या गाडीच्या चोवीस इंचांचा इथे एक इंच. या हिशोबाने मी सात सेंटिमीटरचा माणूस आणि बायको साडेसहाची. हॉलमधल्या काचेच्या कपाटात माझ्या हातच्या एक्केचाळीस गाड्या आहेत, आणि प्रत्येकीची कुळकथा मी पाहुण्यांना ऐकवलेली आहे. ती हिरवी एका राजदूताची, त्या पांढरीतून एक नटी पळून गेली, असं. निळी मात्र कधी बांधली नव्हती. तिचा डबा माळ्यावर अकरा वर्षं पडून होता, सील न फोडलेला. हा छंद असलेले लोक बांधतात त्यापेक्षा जास्त डबे साठवतात, तेव्हा कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. खरं म्हणजे मी तिला हात लावायला घाबरायचो. बोलण्यातली गाडी हवी तेवढी मोठी असते. टेबलावर आली की वीतभर.

त्याच मंगळवारी रात्री निळीचा डबा उतरवला. बुधवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, हिला समोरच्या खुर्चीत शाल पांघरून बसवलं आणि पहिला भाग काडीपासून कापला. कटरचा ‘कट्’ असा आवाज झाला की ती दचकायची, मग हसायची, मग विसरायची, आणि पुढच्या आवाजाला परत दचकायची. कापलेल्या जागी इवलासा खुंट राहतो, तो पाण्याच्या पॉलिश कागदावर घासून सपाट करायचा. मी घासत होतो आणि बोलत होतो. थापाच, पण उलट्या. “ही आपली गाडी नाही हं. आपली कुठली गाडी! उगाच कुणाची तरी बांधतोय.” ती म्हणायची, “असं काय बोलतोस? आपलीच आहे.” आयुष्यभर ज्या बाईने माझं खोटं कधी मान्य केलं नाही, तिला आता माझं खरं मान्य होईना.

मग मी मुद्दाम चुका करायला लागलो. या डब्यांत डॅशबोर्ड दोन येतात; एक डावीकडे स्टिअरिंग असलेला, एक उजवीकडे, ज्याच्या त्याच्या देशाप्रमाणे. आमच्या रस्त्यांना चालणार नाही तोच मी बसवला. कधी स्टिअरिंग हातात न धरलेल्या बाईलाही खटकावं अशी चूक. तिच्यापुढे धरून म्हणालो, “बघ बरं, काही चुकलंय?” तिने नाकाजवळ नेऊन पाहिलं. “नाही. तू इथूनच तर चालवायचास. मी या बाजूला. ऊन माझ्या अंगावर यायचं.” सीट्स मी भडक तांबड्या रंगवल्या; माझ्या थापेतल्या सीट्स कायम राखाडी होत्या, शेकडो वेळा सांगितलेल्या. तीन-शून्याच्या, म्हणजे केसाएवढ्या बारीक ब्रशने, श्वास रोखून रंगवल्या आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. ती म्हणाली, “मागच्या सीटवर दूध सांडलं होतं त्याने. डाग गेलाच नाही, किती घासला.” हा डाग माझा नव्हता. मी कधीच सांगितला नव्हता. माझ्या गाडीत माझ्या नकळत कुणीतरी बसून गेलं होतं, वाढलं होतं, दूध सांडून गेलं होतं. ब्रश पाण्यात टाकला, आणि नंतर लक्षात आलं की तो चहाचा कप होता.

रविवारी मुलगी आली. आल्या आल्या तिने दोन्ही खिडक्या उघडल्या. “बाबा, या थिनरच्या वासाने माणूस मरेल! आईला दिवसभर हेच हुंगवता?”

“ती मालकीण आहे गाडीची. देखरेख करते.”

“चेष्टा पुरे. ती मला फोनवर ‘मोठा जेवला का’ विचारत होती. कोण मोठा?”

आम्ही तिला कधी सांगितलं नव्हतं. आधी ती लहान होती म्हणून, मग मोठी झाली म्हणून. मी म्हणालो, “माझा मावसभाऊ असेल. त्याला मोठा म्हणायचे.” एवढं तोंडातून जातंय तोवर माझाच मला उबग आला. या वयात, या टेबलाशी, अजून एक नातेवाईक मी काही मेहनत न घेता पैदा केला होता. मी चिमटा खाली ठेवला. “ऐक. खरं सांगतो. ती निळी गाडी आपल्याकडे नव्हतीच. कधीच नव्हती.”

मुलगी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि मग फस्सकन हसली. “वा! आता ही नवीन का?”

“अगं, खरंच.”

“बाबा, मला त्या गाडीचा वास आठवतो. उन्हात तापलेल्या सीटचा.”

“ती विकली तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. म्हणजे, माझ्या सांगण्याप्रमाणेसुद्धा.”

“मग फोटो बघितला असेन.”

“वासाचा?”

“बाबा, तुमच्याशी ना, वकील लावून बोलायला हवं,” असं म्हणत ती आईचे केस विंचरायला बसली. फणी वरून खाली जात होती. ही डोळे मिटून होती. “आई, बाबा म्हणतात आपली गाडी नव्हती.” ही डोळे न उघडता म्हणाली, “त्यांचं काय ऐकतेस.” दोघी हसल्या. मीही हसलो, तिघांच्या हसण्यात एकाचं खपून जातं. मुलगी जायला निघाली तेव्हा दारात हळूच म्हणाली, “बाबा, आई अजून तुम्हाला ओळखते, हे नशीब समजा. माझ्या नावाला ती आज तीनदा अडखळली.” मी मान हलवली. तिच्या सॅंडलचा आवाज जिन्यात उतरत गेला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर क्षणभर थांबला. तिथे अंधार असतो, पाय चाचपून टाकावा लागतो, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात रंगाचे हात संपले. निळा अगदी जमून आला, पातळ पाच थर, मधे मधे घासून. पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांतून अंक कापून नंबरपट्टी जुळवली. चार, सात, दोन, नऊ, एकेक अंक तांदळाच्या कणीएवढा. जगातली ही एकमेव गाडी, जिच्यावर तो नंबर लागला. लावताना कचेरीतली ती जांभई आठवली. मग उरल्या काचा. इथे माझ्या हातून जे झालं, ते नवशिक्या करतो. बेचाळिसावी गाडी बांधणाऱ्याने करू नये. काचा बसवायला पांढरा, सावकाश वाळणारा गोंद घ्यायचा असतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ सुटते आणि बंद जागेत ती काचेवर आतून पांढरी धरते. ती पुसली जात नाही, धुतली जात नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. पण त्या दुपारी ही आतल्या खोलीतून हाका मारायला लागली. हाकांमध्ये माझं नाव नव्हतं, ‘कुणी आहे का’ एवढंच होतं. माझ्या एका हातात गाडीचं कवच होतं, दुसऱ्यात काच, आणि हाताशी आली ती नळी झटपट गोंदाची. थेंब लावला, दाबलं, कवच खालच्या सांगाड्यावर बसवलं, तिथेही थेंब लावला, आणि धावलो. तिला उठवून, तोंड पुसून, धरून धरून बाहेर आणून खुर्चीत बसवेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. टेबलावर उन्हाचा पट्टा आला होता. पट्ट्यात गाडी उभी होती, आणि तिच्या सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. आतल्या तांबड्या सीट्स, चुकीच्या बाजूचं स्टिअरिंग, तीन आठवडे भिंगातून केलेलं सगळं, काही दिसत नव्हतं. उघडावी तर मोडेल. मी भिंग लावून पाहिलं; भिंगातून पांढरं आणखी मोठं दिसलं.

“दादा, हात छान आहे तुमचा.”

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. कपाट होतं, एक्केचाळीस गाड्या होत्या. ती माझ्याकडेच बघत होती, कौतुकाने, दुकानात आलेल्या बाईने कारागिराकडे बघावं तशी. पदर खांद्यावर ओढून घेतला होता.

“काच धुरकटली,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“आत कुणी बसलंय वाटतं. श्वासाची वाफ धरलीय.”

“कुणी नाही आत.”

“तेच म्हणते मी. कुणी नाही.” तिने दाराकडे एकवार पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला. “आमचे हे सगळीकडे सांगत असतात, आमची अशी गाडी होती म्हणून. निळी.”

माझ्या तळहाताला गोंद लागला होता, तो वाळून कातडी आवळत होती. “नव्हती का?”

“कुठली हो! शेजाऱ्यांची सायकल होती. तिचं चाकसुद्धा घासत होतं.” मग ती हसली. नाकातून, बिनआवाजाचं, खांदे हलवत. तेच. जसंच्या तसं, एक कणही न विसरलेलं. “नंबरसुद्धा चोरलाय त्यांनी कचेरीतनं. त्यांना वाटतं मला माहीत नाही. झोपेत बडबडतात.”

“मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?”

“काय सांगू?”

“की गाडी नव्हती. तुम्हाला ठाऊक आहे म्हणून.”

तिने बोटाच्या टोकाने गाडी थोडी पुढे ढकलली. चाकं फिरली, ती मी नीट बसवली होती. “गाडी काढून घेतली तर त्यांचं कसं व्हायचं? दादा, तुम्हाला म्हणून सांगते, ते अजून ती सायकल ढकलतायत. उन्हातून. एक हात माझ्या पाठीवर.” तिने स्वतःची पाठ खुर्चीपासून जराशी सोडवली, कुणाचा तरी हात मधे राहावा इतकी. “म्हणून मी आपली म्हणते, होती. आता तर सगळ्यांनाच सांगते, होती. तेवढाच त्यांना विसावा.”

ऊन टेबलावरून उतरलं. काचा पांढऱ्याच राहिल्या. मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल याचा माझा मलाच भरवसा नव्हता. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

“आले की त्यांना सांगू नका हं, मी बोलले म्हणून.”

“नाही सांगणार.”

“कुठे राहिलेत कोण जाणे. एव्हाना यायला हवे होते.”

“गाडी लावत असतील,” मी म्हणालो.

“हो, तेच,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो.